दोघांपुरतं

पुणे, डिसेंबर अखेर

प्रिय मृणाल,

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले. 'तुझं काय बाई, लग्न झालं, आता कुणीतरी गरमगरम वाढत असेल,' असं लिहिलंयस. कोण वाढणार गं? इथे आम्ही दोघंच. रांधणारे तेच, जेवणारे तेच, आणि सिंकमधल्या ढिगाकडे बघून 'तू की मी?' म्हणणारेही तेच.

लग्नानंतर सगळ्यात अवघड काय गेलं, असंही विचारलंयस. तुला वाटत असेल सासूबाई. त्या जळगावला असतात, आणि स्वभावानं फार मोकळ्या. निखिलही तसा सुधारण्यापलीकडचा नाही. अवघड गेलं ते प्रमाण. मीठ-तिखटाचं नव्हे, माणसांचं. आमच्या चिपळूणच्या घरी रोजची सात पानं, वर आला-गेला वेगळा. निखिलकडे शेतावरची माणसं धरली तर रोज छोटी पंगतच. म्हणजे आम्हा दोघांनाही जो काही स्वयंपाक येतो तो भरल्या घराचा. आणि सगळे अगदी सहज सांगतात, 'त्यात काय, सगळं निम्मं घ्यायचं.' निम्मं घेऊन निम्मं होत नाही गं! हे कुठल्याही मावशी-काकूनं मला सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सविस्तर लिहिते. तू तर तिकडे परदेशात एकटी, तुला पाव करायला लागणार.

रस्साच घे. चौघांच्या बटाट्याच्या रश्शाला चार वाट्या पाणी, तर दोघांच्या रश्शाला दोन. शाळेत बरोबर, कढईत चूक. पाणी आटतं ते भाजी किती आहे हे बघून आटत नाही. कढईचं तोंड किती रुंद आणि खाली गॅस किती वेळ चालू, त्यावर आटतं. बटाटा दोघांचा असो की पंगतीचा, शिजायला वेळ तोच. मग दोन वाट्यांतली एक वाफेवर जाते आणि उरतं ते सुकी भाजी म्हणावं तर ओलं, रस्सा म्हणावं तर लाजिरवाणं. तेव्हा बटाटे निम्मे, तिखट निम्मं, मीठ निम्म्याच्याही जरा आत, पाणी मात्र पाऊणपट. शिवाय भांडं अरुंद घ्यायचं आणि वर झाकण.

फोडणीचं तर विचारूच नकोस. मोठ्या कढईत चमचाभर तेल घातलं की ते सगळीकडे पातळ पसरतं. मोहरी तेलात बुडतच नाही. अर्धी करपते, अर्धी कच्ची राहते, आणि या भानगडीत हिंग जळतो. आईकडे हा प्रश्नच नव्हता, तिथे तेल पळीनं पडायचं. म्हणून तुळशीबागेतून एक लोखंडी पळी आणली, लांब दांड्याची, चांगली खोलगट. तिच्यात चमचाभर तेलाचंही डबकं होतं. पळी जरा तिरकी धरायची, तेल एका कडेला गोळा करायचं, एक दाणा टाकून बघायचा. तो उडाला की बाकीची मोहरी. तडतड ओसरत आली की गॅस बंद, मग हिंग, मग हळद, मग कढीपत्ता, आणि तीच पळी तशीच वरणात बुडवायची. जोरात चर्र होतं, थोडं अंगावरही उडतं, पण वरणाला जो वास लागतो त्यासाठी बाही पिवळी झालेली चालते. पळी धुऊन लगेच पुसून तेलाचं बोट फिरवायचं, नाहीतर सकाळी तांबेरलेली सापडते. हे शेवटचं काम निखिलकडे आहे आणि तो ते देवपूजेच्या निष्ठेनं करतो.

लग्नात आम्हाला पाच लिटरचा कुकर आला. त्यात दोघांपुरता भात लावला की डब्याच्या तळाला जेमतेम थर दिसतो. खाली पाणी मात्र तेवढंच घालावं लागतं, कारण ती वाफ तांदूळ मोजून थोडीच तयार होते, तिला अख्खा कुकर भरायचा असतो. आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत गॅस जळायचा तो जळतोच. शेवटी तीन लिटरचा घेतला, त्यात मावणारे दोन डबे शोधून आणले. खाली तूरडाळ, वर इंद्रायणी, आणि रिकामा कोपरा राहू नये म्हणून एक बटाटा. तो बटाटा दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी. पाच लिटरचा कुकर माळ्यावर गेला असं आईला अजून सांगितलेलं नाही. तो मामाकडून आलेला.

आता पुस्तकं. लग्नात 'रुचिरा'च्या दोन प्रती आल्या. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७०चं, आणि वाटी-चमच्यात प्रमाण देऊन त्यांनी आपल्या आयांच्या पिढीवर केवढे उपकार केले ते तुला माहीतच आहे. पण आमच्या घरात पहिला वाद झाला तो, वाटी कुणाची? मी चिपळूणहून आणलेली की सासूबाईंनी दिलेली? निखिल इंजिनियर, त्यानं दोन्ही वाट्या पाण्यानं भरून वजनकाट्यावर ठेवल्या. आमची दीडशे ग्रॅमला संपली, त्यांची दोनशेच्या पुढे गेली. 'एक वाटी डाळ टाक' असं सासूबाई फोनवर सांगायच्या आणि माझं वरण पाण्यासारखं का व्हायचं, ते त्या दिवशी कळलं. आता त्यांची वाटी आमटीसाठी आणि माझी मापासाठी.

गोड्या मसाल्याचं कुणाचंही प्रमाण घे, ते अर्धा किलो धण्यांपासूनच सुरू होतं. पुढे तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर वगैरे. दोघांना तेवढा मसाला वर्षभरही संपायचा नाही, आणि वास तर चार महिन्यांतच मंदावतो. पावपट करायचा तर दगडफुलाच्या चार पाकळ्या नि नागकेशराचे मोजून दाणे घ्यावे लागतात, अगदी सोनाराच्या पेढीवर बसल्यासारखं. त्यात जळगावचा काळा मसाला वेगळा. माझ्या आमटीत गूळ आणि आमसूल पडतं, ते बघून निखिलचा चेहरा पडतो. त्याच्या शेवभाजीच्या रश्शानं माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. दोन मसाले, दोन बरण्या, आणि तरी आठवड्यातून एकदा कुणीतरी चुकीची बरणी उघडतंच. (काळा मसाला घातलेली डाळिंब्यांची उसळ मात्र चांगली लागली. आईला कळवू नकोस.)

दळणाचं दुखणं खरं मोठं आहे. निखिलला भाकरी लागते, तीही ज्वारीची. ज्वारीचं पीठ ताजं हवं. जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरत सुटते. म्हणजे थोडंथोडं दळून आणायचं. पण गिरणीवाले काका किलोभर दळण बघून म्हणतात, 'ताई, एवढं तर जात्यातच राहील.' खोटंही नाही ते. वर ज्वारी ज्वारीवरच दळायला हवी. आधी कुणाच्या गव्हाचं किंवा हरभऱ्याच्या डाळीचं दळण झालं असलं की पिशवीतलं पहिलं पीठ तेच. चार किलो दळलं तर दोघांना संपेस्तोवर विरी गेलेली, किलोभर न्यावं तर काका नाराज. घरघंटी घ्यावी का यावर आमची एक रीतसर बैठक झाली, मग तिची किंमत बघून ती बरखास्त झाली.

यातून वाट निघाली ती आमच्या कोकणातून, हे मी मुद्दाम लिहिते, कारण निखिल कुणाला सांगणार नाही. तांदळाच्या पिठाला चिकटपणा कुठला? म्हणून आपण भाकरीला उकड काढतो. तेच ज्वारीला केलं. पातेल्यात एक वाटी पाणी, मीठ, पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून वाटीभर पीठ, उलथण्याच्या दांड्यानं ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. हाताला सोसेल इतपत निवलं की परातीत घ्यायचं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रगडायचं. चांगलं रगडायचं, दया दाखवायची नाही. आधी पीठ मातीसारखं सुटत असतं, मग एकाएकी गोळ्याला मऊ चकाकी येते, कडा धरतात. ती आली की थापायला घ्यायचं. तव्यावर पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, दुसरी बाजू नीट शेकली की तवा काढून थेट जाळावर. महिनाभर पडलेल्या पिठाचीसुद्धा भाकरी टम्म फुगते. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी बघितलं, एक तुकडा मोडला, म्हणाल्या, 'आम्हीपण गरम पाणी घालतो, पण एवढे सोपस्कार नाही करत.' मी ती पसंती समजले.

पोळ्यांना बाई लावू म्हटलं, कारण दोघांनाही सकाळी आठला निघायचं असतं. मावशी आल्या, विचारलं, 'किती माणसं?' दोन म्हटल्यावर चेहऱ्यावरचा उत्साहच गेला. आठ पोळ्यांसाठी तीन जिने चढायचे, कणीक भिजवायची, ओटा पुसायचा. पैसे मात्र आठाचे. त्यांना परवडत नाही, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही आले नसते. मग कोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र. तिथल्या पोळ्या चांगल्या असतात, पण दुपारी डब्यात त्यांचा पापड होतो. आता रात्री कणीक मी भिजवते, सकाळी निखिल लाटतो, मी भाजते. त्याच्या पोळीला अजून कोपरे असतात. डब्यात घडी घालून ठेवली की कुणाला दिसतात?

भाजीवाल्या मावशींकडे 'पाव किलो भेंडी' म्हणायला आता संकोच वाटत नाही. कोबी मात्र पाव किलोचा मिळत नाही. एक गड्डा आणला की पहिल्या दिवशी हरभऱ्याची डाळ घालून भाजी, दुसऱ्या दिवशी दाण्याचं कूट आणि लिंबू घालून पचडी, तिसऱ्या दिवशी किसून थालिपिठात, आणि चौथ्या दिवशी निखिल फ्रिज उघडून विचारतो, 'हा अजून आहे?' नारळाचंही तसंच. मला ओलं खोबरं रोज हवं, त्याला कशातच नको. म्हणजे आख्खा नारळ माझ्या एकटीचा. खवून, छोट्या डब्यांतून वर बर्फाच्या कप्प्यात. डबीवर तारीख लिहायची असं ठरलं होतं. एकाही डबीवर नाही.

दुधाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती दुःखद आहे. अर्धा लिटर दुधावर साय येते ती जेमतेम चहाच्या गाळण्यापुरती. ती विरजणात साठवत राहिलं तर तुपापुरती जमेपर्यंत आधीची कडवट होते. तूप चिपळूणहून येतं. विषय संपला.

आणि आता भरीत. तू असतीस तर! जळगावहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सासूबाईंचा खोका आला. आत हिरवी, पांढऱ्या रेषांची भरिताची वांगी, एकेक जवळजवळ किलोची. हे वांगं जळगावकडचंच, त्याला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे. तिकडे थंडीत शेतावर कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून वांगी त्यात भाजतात आणि लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचतात. इथे आपला गॅस आणि वर जाळी. वांग्याला तेलाचा हात, चारी बाजूंनी टोचे, आणि देठ धरून फिरवत राहायचं. साल काळी होऊन तडकते, आतून रस निथळून बर्नरवर पडतो, आणि सगळ्या जिन्यात धुराचा तो वास. निखिल त्या वासानं लहान होतो. त्यानंच साल काढली, बोटं भाजत, फुंकर घालत. पाण्याखाली धरायची नाही, वास जातो, हे मला तीनदा बजावलं. मग भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून, तेलात शेंगदाणे तळून, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो घालू का विचारलं तर त्यानं असं बघितलं, जणू मी मोदकात बटाटा घालू का म्हणाले. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. अप्रतिम. माझ्या आईच्या दह्यातल्या भरिताइतकंच चांगलं, याहून पुढे मी जाणार नाही.

पण वांगं काही निम्मं भाजता येत नाही. एकाचंच भरीत दोघांना दोन दिवस पुरेल एवढं झालं, आणि खोक्यात आणखी तीन. तेव्हा वरच्या मजल्यावर एक नागपूरचं जोडपं राहतं, तेही दोघंच, त्यांना वाडगाभर दिलं. आता आपली पद्धत तुला ठाऊक आहे, भांडं रिकामं परत करायचं नाही. दुसऱ्या दिवशी आमचा वाडगा पाटवडीच्या रश्शानं भरून आला. मग मी त्यात घावणे आणि नारळाचा रस देऊन पाठवला. तो वडाभात घेऊन परतला. थोडं उरतंय म्हणून सुरू झालेला व्यवहार, आता त्यापायी दोन्ही घरं मुद्दाम जास्त करतात. परवा त्यांच्यातली ती जिन्यात भेटली तेव्हा हळूच म्हणाली, 'आमच्याकडेही निम्मं जमत नाही हो.' मला एवढा आनंद झाला की मी तिला सोलकढीचंच आमंत्रण देऊन बसले.

एक भांडण राहिलं. 'आज काय करायचं?' निखिल चिरतो, लाटतो, घासतो, पळीला तेल लावतो. पण करण्याआधी मला विचारतो, 'काय करू सांग.' अरे, तेच तर काम आहे! फ्रिजमध्ये काय आहे, काय उद्या खराब होणार, काल काय झालं, डब्यात काय चालेल, कडधान्य भिजवलंय का, हे सगळं डोक्यात फिरवून एक नाव काढायचं. त्यापुढचं चिरणं-परतणं हात आपोआप करतात. पाच जणांच्या घरात कुणीतरी एकजण काहीतरी बोलतंच, आजी म्हणते आज अळू, विषय मिटतो. दोघांत दोघंही 'तुला काय हवं?' म्हणत बसले की साडेनऊ वाजतात आणि मॅगी होते. मी एकदा चिडून बोलले. आता ठरवायचे वार वाटून घेतलेत. त्याच्या वारी मी तोंड उघडायचं नाही, तो म्हणेल ते. गेल्या आठवड्यात त्याच्या तिन्ही वारी खिचडी झाली. तिसऱ्या खिचडीला मी तूप जास्त मागितलं, एवढाच निषेध नोंदवला. पण मटकी भिजवायची आठवण त्याला आपणहून झाली, रात्री अकराला अंथरुणातून उठून गेला. ते मी मनात लिहून ठेवलंय.

बरं, तुझ्या प्रश्नाकडे येते. आईनं दिलेलं कुळथाचं पीठ कपाटात तसंच आहे म्हणतेस, आणि एकटीपुरतं पिठलं जमत नाही. तुझी शेगडी विजेची, ती लवकर निवत नाही, हे लक्षात ठेव. सगळ्यात छोटं पातेलं घे. तेल मात्र दोन चमचे हवंच, त्यात काटकसर नको. मोहरी, हिंग, हळद, चार लसणीच्या पाकळ्या ठेचून, त्या लालसर होऊ देत. तिखट घातल्याबरोबर दीड वाटी पाणी, नाहीतर करपेल. मीठ, दोन आमसुलं, उकळी. दोन मोठे चमचे पीठ वेगळं गार पाण्यात कालवून घे, गुठळी राहू देऊ नकोस, आणि उकळीत धार धरून ढवळत ओत. पाचसहा मिनिटं रटरटलं की कच्चा वास जातो. तुला ते पातळ वाटेल, तरी पातेलं शेगडीवरून खाली उतरव. कुळीथ निवता निवता घट्ट होतो, तू तिथे दाटपणाची वाट बघत बसलीस तर ताटात वडी पडेल. सोबत मऊ भात. बासमतीचा नको, त्यावर पिठलं ठरत नाही. तिकडे खिरीसाठी आखूड जाड तांदूळ मिळतो म्हणालीस ना, तो घे.

आणि पोळीचं म्हणशील, तर तुझा तो ४०५ नंबरचा मैदा बाजूला ठेव. १०५०चं पीठ घेऊन बघ, नंबर जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. जाळ नाही म्हणून फुलका फुगणार नाही असं नाही; तव्यावरच, दुसरी बाजू झाली की दुमडलेल्या फडक्यानं कडेकडेनं दाब.

कसं झालं ते कळव, फोटो नको, चवीचं लिही.

तुझी,
केतकी

ता.क. निखिल विचारतोय, तिकडे मोठी वांगी मिळतात का. मिळतात म्हणून लिहू नकोस, तो खोका पाठवायला लावेल.